तैहोकूचा नमस्कार

मिस्टर लेनक्सनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून त्यांची नजर ईशितावर पडली आणि जरा निवळली. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या शू-फेनवर जाऊन थांबली.

"ही कोण?"

"माझी प्रोजेक्ट पार्टनर! तैवानची आहे. म्हणजे बघा ना, किती परफेक्ट!" ईशिता एका दमात सुटली. वरच्या मजल्यावरच्या नागपूरकर डॉक्टरांची ही मुलगी गप्प बसली, तर जिन्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. "दुसरं महायुद्ध संपून साठ वर्षं झाली म्हणून शाळेत असेम्ब्ली आहे. तुम्ही तैवानमधल्या तैहोकूच्या तांब्याच्या खाणीत जपान्यांचे कैदी होतात, आणि हिची आजी त्याच तैहोकू प्रांतात जन्मली! सगळं सांगणार म्हणून तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

"तुला केलं होतं. हिला नाही."

"आजी तेव्हा शाळेत होती," शू-फेन हळूच म्हणाली. "राज्य जपान्यांचं होतं. आमचं नव्हतं."

"पहाऱ्यावर तुमचीही पोरं होती." साखळी खळकन ताणली गेली. "अख्खं ग्लासगो पडलंय तुला उभं राहायला. माझं दार सोड."

शू-फेनचे कान लाल झाले. ती वळली, तशी ईशिताने तिची बाही धरली. एवढ्यावर हार मानणाऱ्यांतली ती नव्हतीच.

"त्यांना नमस्कार कर," ती कुजबुजली. "आई म्हणते, मोठ्यांपुढे वाकलं की निम्मा राग तिथेच उतरतो. माझ्या आजोबांवर दर वेळी चालतं, शप्पथ!"

तेवढ्यात साखळी निघाली. दोघींना जिन्यावरून हाकलायला मिस्टर लेनक्स काठी उगारून उंबऱ्यावर आले.

शू-फेन वाकली. तिच्या आजीने शिकवलं होतं तशी. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, पाठ फळीसारखी सरळ.

काठी खाली पडली. मिस्टर लेनक्सचे हात पँटच्या शिवणीवर गेले. स्लिपरांतल्या टाचा जुळल्या. आणि ते वाकले. शू-फेनपेक्षाही खाली.

ईशिताला वाटलं, जमलं! मग तिने त्यांचा चेहरा पाहिला.

दाराची चौकट धरून ते कसेबसे सरळ झाले. ओठ पांढरे पडले होते.

"रोज सकाळी," ते म्हणाले. "येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पहारेकऱ्यापुढे. थोडं कमी वाकलं, तर पाठीत बंदुकीचा दस्ता."

"सॉरी, मीच तिला... मला वाटलं..." ईशिता म्हणाली. काहीतरी करायचं म्हणून ती काठी उचलायला खाली झुकली.

"वाकू नकोस!" त्यांचा आवाज जिनाभर घुमला. "माझ्या दारात कोणी वाकायचं नाही!"

दार आपटलं. आतून साखळी लागली. मग भिंत धरून चालल्यासारखी घासत जाणारी पावलं.

काठी पायपुसण्यावर आडवी पडून राहिली.

"चल," ईशिता म्हणाली. "जाऊ या."

शू-फेन हलली नाही. बंद दारावरची नजर न काढता, पाठ ताठ ठेवून, ती गुडघ्यांत सावकाश खाली बसली. हाताने चाचपून तिने काठी उचलली. तशीच ताठ उभी राहिली.

आणि काठी दाराला टेकवून ठेवली.