गेल्या वर्षीचा फोटो

उन्हाळी शिबिरांवर ‘सुरक्षित’ असा शिक्का मारणाऱ्या साहेबांनो, खुर्चीवरून न उठताच मारलात तुम्ही तो!

शिवणकाम करणारी आई मात्र लेकीसाठी शिबिर निवडायला स्वतः आली. तळ्याला कुंपण आहे का, मुलींजवळ कोण झोपतं, सगळं तिने खोदून खोदून विचारलं.

“ताई, पोलिसात आहात का?” शिबिरवाल्या बाई हसल्या. “हा बघा गेल्या वर्षीचा फोटो.”

फोटोत तिची लेक उभी होती. शिबिराला कधीच न गेलेली. अंगात पिवळा फ्रॉक होता आणि कापड कमी पडलं म्हणून आईने आज सकाळीच त्याला लावलेला निळा खिसाही.

“ही कोण?”

“हिला न्यायला अजून कुणी आलंच नाही,” बाई म्हणाल्या.

आईने टेबलावर हात आपटला. “मग ती आत्ता कुठे आहे? बोला!”