मौद्याचा थांबा

मौदा जवळ आलं तसं धर्मेंद्रने मनाशी घोकलं, ताईच्या फाटकाकडे बघायचंच नाही. बघितलं की पाय थांबणार. पाय तर थांबायला निमित्तच शोधत होते. कालचा शनिवार अजून त्यांच्यात मुरलेला होता. सकाळी पावणेचार किलोमीटर पोहणं, मग नागपूरच्या रस्त्यांवर पंचवीस किलोमीटर धावणं. संध्याकाळी घरचा जिना चढताना त्याने म्हाताऱ्यासारखा कठडा धरला होता. आज, रविवारी, एकशेऐंशी किलोमीटर सायकल. त्यातले कुठे अडतीस झाले होते.

एकोणपन्नासाव्या वर्षी माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात. जिल्हा परिषदेतल्या या हेडक्लार्कने लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात घेतलं होतं. पोहायचं, सायकल चालवायची, धावायचं, आणि सगळं एकाच दिवसात. गेल्या वर्षी सायकलच्या आठ तासांच्या टप्प्यात त्याला नऊ मिनिटं उशीर झाला आणि पंचांनी त्याला सायकलसकट टेम्पोत बसवलं. ऑफिसात अजूनही कुणी ना कुणी टेम्पोची चौकशी करायचं. यंदा ती तोंडं बंद करायची होती. आता सरावात घड्याळ दर रविवारी आठ तासांच्या आतली वेळ दाखवत होतं. त्या आकड्यावर तो निर्धास्त होता. त्यातली खोट गेल्या आठवड्यात त्याच्या कोचने, चिन्मयीने, शोधून काढली. वयाने त्याच्या निम्मी, पण दरारा मुख्याध्यापिकेचा.

"सर, तुम्ही थांबलात की तुमचं घड्याळ आपोआप थांबतं," ती म्हणाली. "शर्यतीचं थांबत नाही. दर रविवारी मौद्याला पाऊण तास काय करता?"

पोहे खातो, हे सांगताना तो अगदी कानकोंडा झाला.

मौद्याला यमुताई राहायची, त्याची थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून एकटी. घर हायवेच्या कडेलाच. बहिणीच्या दारावरून भाऊ तसाच पुढे गेला, असं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी, एका रविवारी तो उगाच दोन मिनिटं टेकला, तर तिने तर्रीपोह्यांची बशी पुढे केली. दुसऱ्या रविवारी ती फाटकातच उभी होती. मग ते ठरूनच गेलं. खरं सांगायचं तर ती झणझणीत तर्री त्याला पुढे भंडाऱ्यापर्यंत छळायची. पण एकट्या बाईला आठवड्यातून तेवढाच विरंगुळा. दुसरी बशी आली की तीही तो मुकाट्याने संपवायचा.

चिन्मयीने मात्र निक्षून सांगितलं. या रविवारी थांबण्यासकट आठ तासांच्या आत, नाहीतर यंदाचं नाव मागे घ्यायचं. शुक्रवारी त्याने धीर करून ताईला फोन लावला.

"ताई, येत्या रविवारी थांबाले जमणार नाही वं मले."

पलीकडून नुसतं "बरं," आणि फोन बंद. एरवी शेजारणीच्या सुनेपर्यंत पोचल्याशिवाय ही बाई फोन ठेवत नसे. त्याला फार वाईट वाटलं.

आणि आता शेवटी त्याने बघितलंच. फाटक बंद होतं. खिडकीत दिवा नव्हता, अंगणात सडा नव्हता. तरी त्याने पायडल सोडलं नाही. एक किलोमीटर गेला, दोन गेले. बहीण आहे, समजून घेईल, असं तो स्वतःला समजावत राहिला. तिसऱ्या किलोमीटरला वाटलं, समजून घेतलं असतं तर फाटकात उभं राहून नुसता हात तरी हलवला असता. चौथ्याला वाटलं, तब्येत तर बिघडली नसेल? पाचव्याला त्याने सायकल वळवली.

वळवतानाच त्याला हिशेब कळला होता. हे जास्तीचे दहा किलोमीटर आणि वर ताईची समजूत. आठ तास गेले. यंदाचं वर्ष गेलं. डोळ्यांत पाणी आलं ते थकव्याचं की कशाचं, हे बघण्याइतकंही त्राण त्याच्यात नव्हतं.

तीनदा कडी वाजवल्यावर दार उघडलं. यमुताईचे केस सुटलेले होते, गालावर उशीची घडी उमटलेली होती. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय झालं गा? पडला का कुठी?"

"नाही वं. तू रागावली असं वाटलं मले," तो म्हणाला. "म्हणून वापस आलो."

यमुताई गुडघा धरत सावकाश उंबऱ्यावर बसली. तिला जांभई आली, ती तिने पदराआड केली.

"राग कशाचा गा," ती म्हणाली. "आठ महिने झाले, दर रविवारी चारले उठून, आंघोळ करून तुझ्यासाठी पोहे करून राहिली मी. तुझं मन मोडू नये म्हणून काही बोलली नाही. आज कुठं पहिल्यांदा डोळा लागला होता."