कोपऱ्यातले फुफा

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स म्या अडॅप्टर लावून नव्या फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली. फोटोत मधातला माणूस चकाचक येते, कोपऱ्यातला मात्र धुक्यात उभा असल्यावानी. डोक्याले नुसता ताप!

अचलपूरले माह्या दोस्ताच्या, उजैरच्या लग्नात फोटो काढाले गेलो, तं त्याच्या आत्याचे मालक, म्हंजे त्याचे फुफा, सकाळपासून मले टोचून राहिले होते, "हे भंगार अजायबघरातून उचललं का रे?" मंग काय, ग्रुप फोटोत म्या त्याइले मुद्दाम कोपऱ्यात उभं केलं.

फोटो पाहून त्याइचा फोन आला, "वा रे पठ्ठ्या! बाकी सगळ्याइच्या सुरकुत्या मोजता येतात, मी एकटाच तरणा!"


आता परतवाड्यापर्यंत कोणत्याबी लग्नात कोपऱ्यासाठी भांडणं होतात, अन् मधात उभं राहाले नवरदेवबी तयार नाही.