अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र

"पोस्टर कुठे लावू, बाई?" चर्चच्या तरुण संघाच्या कॅप्टनने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते सलाइनच्या स्टँडला टेकवून उभं केलं. पोस्टरवर उगवता सूर्य होता आणि खाली धीर देणारं एक वचन.

चौघं आली होती. चौघंही लहानपणी बाईंच्या संडे स्कूलमध्ये होती. कॅप्टनच्या पाठीवर गिटार होती. ती आडवी येते म्हणून वॉर्डातल्या मावशी त्याला दोनदा बोलून गेल्या.

"सकाळी डॉक्टर येऊन गेले," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन करणार नाहीत. उशीर झालाय म्हणे."

"देव सगळ्यात मोठा डॉक्टर आहे, बाई."

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"उशाखालचं बायबल काढ," बाई म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. मला आता अक्षरं दिसत नाहीत, नुसत्या मुंग्या दिसतात."

"तेविसावं म्हणू का, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’? ते पाठ आहे. पुस्तकसुद्धा नको."

"ते मलाही पाठ आहे."

कॅप्टनला पान सापडायला वेळ लागला. पहिली ओळ त्याने चर्चमध्ये वाचतात तशी खणखणीत वाचली. मग आवाज उतरत गेला. स्तोत्रातला माणूस देवाला विचारत होता, मला खड्ड्यात का लोटलंस, माझ्यापासून तोंड का लपवतोस. रडून रडून त्याचे डोळे गेले होते. मित्र दूर झाले होते.

"शेवटी येईल बघ," मागून एकजण कुजबुजला. "स्तोत्रात शेवटी चांगलं येतंच."

कॅप्टनने वेग वाढवला. शेवटची ओळ आली, ती अंधारावर संपली. त्याने घाईघाईने पान उलटलं आणि त्याचा चेहरा खुलला. "हे बघा! मी परमेश्वराच्या दयेचं गीत सर्वकाळ गाईन. आलं की नाही?"

"ते एकोणनव्वदावं. दुसऱ्या माणसाचं."

"मग याचं एवढंच?"

"एवढंच."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी कुशीवर वळली. "हे देवाच्या पुस्तकातलं आहे होय? मला वाटलं, हा पोरगा बाईंचंच गाऱ्हाणं सांगतोय."

एक मुलगी फिस्कन हसली. तिचं नाव बाईंनी कधीकाळी वटवट ठेवलं होतं.

"पण बाई, देव कुणाला सोडत नाही असं तुम्हीच शिकवलंत ना?" कॅप्टन म्हणाला.

"मग हा माणूस कुणाशी भांडतोय? शेवटच्या ओळीपर्यंत त्याच्याशीच ना?" बाई उशीवरून थोड्या वर सरकल्या. "पुन्हा वाच. सावकाश. कुठे अडतोस ते सांग, तिथे थांबू. वेळ आहे अजून."

कॅप्टनने मोबाइल बघितला. "बाई, आधी प्रार्थना करू या. भेटायची वेळ संपत आली."

प्रार्थना झाली. गाण्याचं एक कडवं झालं, दुसऱ्याला सिस्टरनी दारातूनच ‘पुरे’ म्हणून हात केला. मग ग्रुपवर टाकायला फोटो. बाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"थोडं हसा ना, बाई."

निघताना बाईंनी वटवटचं मनगट धरलं. "उद्या येशील? एकच पान वाचायचं."

"उद्या प्रॅक्टिस आहे हो, बाई. युवा सप्ताह तोंडावर आलाय ना." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती उजळली. "या वर्षीचा विषय माहितीये? ‘वचनात खोल उतरा’. केवढा मोठा बॅनर केलाय! तुम्ही बऱ्या व्हा, मग बघायला याच."

तिने हलकेच मनगट सोडवून घेतलं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

मावशी आल्या. पोस्टर वाटेत येत होतं, ते त्यांनी खाटेखाली सरकवलं.

"झोपलात का, बाई?" म्हातारीने विचारलं.

"नाही, आजी."

"मघाचं ते परत वाचा की. त्या माणसाचं."

"मला दिसत नाही हो."

"हां, म्हणालात खरं." म्हातारीने बाईंच्या पुस्तकाकडे बघितलं. "आणि मला वाचता येत नाही."

पुस्तक बाईंच्या पोटावर मिटलेलं पडलं होतं. संडे स्कूलमध्ये त्यांनी किती वचनं पाठ करून घेतली होती. या स्तोत्राची त्यांना पहिली ओळ तेवढी येत होती. ती त्यांनी म्हटली.

"मग?" म्हातारी म्हणाली.

बाईंचे ओठ हलले. म्हातारी कोपरावर रेलून पुढच्या ओळीची वाट बघत राहिली.