जादा ब्रेक

पिकअपच्या डॅशबोर्डवर जादा बटणं बसवता बसवता वायरमनने मालकाला विचारलं, "दिव्यांची झाली. या शेवटच्या बटणाची वायर कशाला जोडू?"

"कशालाच नको. बाबा शेजारी बसून 'हळू, हळू' करत डोकं खातात. जुन्या गाडीतही असंच बटण होतं. जादा ब्रेक आहे म्हणून सांगितलंय. लहान मुलासारखे झालेत आता. दाबतात आणि गप्प बसतात."

मालक फोन घ्यायला बाजूला गेला, तसे बाबा खिडकीतून आत वाकले. "वायर नाही ना जोडलीस?"

वायरमनची पंचाईत झाली. "म्हणजे तुम्हाला माहितीये, काका?"

"जन्म गेला माझा गाड्या चालवण्यात. पण बटण घट्ट बसव हं. मी ते दाबलं, की मला खरं वाटावं म्हणून पोरगा ब्रेक मारतो."