ट्रम्पेटवाल्याच्या एकवीस रेकॉर्डी

"खोक्याला हात लावायचा नाही," चष्मेवाल्याने मेहुण्याला बजावलं.

खोक्यात एकवीस रेकॉर्डी होत्या. सगळ्या एकाच ट्रम्पेटवाल्याच्या, त्याच्या स्वतःच्या बँडच्या. जॅझवर जोडीजोडीने नाचायचे त्या काळातल्या. बायकोने एकेक करून जमवलेल्या. चष्मेवाल्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "अरे चष्मेवाल्या, सुई बदल," ती चारचौघांत म्हणायची, आणि तो मुकाट बदलायचा. ती गेल्यापासून मात्र तो भिंगं पुसायच्या मऊ फडक्याने रोज एकेक रेकॉर्ड पुसून ठेवी. तिचं म्हणावं असं घरात तेवढंच उरलं होतं.

मेहुणा तिचा धाकटा भाऊ. महिन्याभरात तिसऱ्यांदा आला होता. गाडी खाली उभी आहे, उगाच खोळंबा नको, म्हणाला. हे संगीत ताईला कळायचं, तुम्ही ठेवून काय करणार, असंही ऐकवून झालं. त्यावर चष्मेवाल्याने विचारलं, बहीण सहा महिने अंथरुणाला खिळली होती तेव्हा ही गाडी कुठे पंक्चर झाली होती.

मेहुण्याने ते गिळलं. "द्या ना, भाऊजी. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"माझ्या भल्याचा मक्ता तुला कोणी दिला?"

मग चष्मेवाल्याने खिशातून हुकमाचा पत्ता काढला. कालच एका रेकॉर्डच्या पाकिटात सापडलेली चिठ्ठी, तिच्या तिरप्या अक्षरात: 'माझ्यामागे या सगळ्या ह्यांना द्या.'

मेहुण्याने ती वाचली. पुन्हा वाचली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

चष्मेवाल्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. "बायको 'हे' कोणाला म्हणते, एवढं तरी कळतं ना? नीघ आता. परत या दारात दिसू नकोस."

मेहुणा निघाला नाही. चिठ्ठीची घडी घालत बसला. ही तुमच्या हाती लागू नये म्हणून तर खेपा घालत होतो, असं काहीतरी पुटपुटला.

"भाऊजी," तो शेवटी म्हणाला, "ताई तुम्हाला कधी 'हे' म्हणाली?"

चष्मेवाल्याने त्याच्या हातातून चिठ्ठी ओढून पुन्हा वाचली.

मेहुण्याने खिडकीकडे पाहिलं. "ते खाली गाडीत बसलेत."