मक्याचं पीठ

किटलीच्या वाफेवर धरल्याबरोबर लेबल अलगद सुटलं. ताईने ते चिमट्याने उचलून दुसऱ्या बाटलीवर चिकटवलं, त्या बाटलीचं पहिलीवर लावलं आणि कपाट बंद केलं.

संस्थेत सगळेच तिला ताई म्हणत. सख्खा भाऊ मात्र एकच होता, आणि त्या दोन बाटल्यांपैकी एक त्याची होती.

उदासीच्या आजारावरचं नवं औषध माणसांवर तपासून बघणं चालू होतं. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये मक्याचं पीठ. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नसे, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसे. ठाऊक होतं ते एकट्या ताईला, कारण बाटल्या भरायचं काम तिचं. त्याआधी कित्येक वर्षं ती वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत होती. मेंदूतलं एक रसायन जरा जास्त वेळ टिकावं आणि खचलेल्या माणसाला उभारी यावी, म्हणून जे औषध तिथे घडलं त्यात तिचाही हात होता. त्या औषधावर तिचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना चाचणीत घेत नसत. पण लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, आणि तिचा हा धाकटा भाऊ संस्थेत तिला ओळख दाखवत नसे, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. धाकटा शाळेत चित्रकला शिकवायचा. आधी त्याची शाळा सुटली, मग दाढी करणं सुटलं, मग बोलणं. "मी नसलो तर तुझी एक काळजी कमी होईल, ताई," असं तो एकदा पेपर आणायला सांगावं इतक्या सहज म्हणाला.

आणि नेमकं त्याच्या वाट्याला पीठ आलं.

पहिली बाटली तिने नियमाने दिली. धाकट्याला तेवढ्यानेच जरा बरं वाटलं. त्याने दाढी केली, आणखी अर्धा कप चहा मागितला. दुसरं कोणी असतं तर हरखून गेलं असतं. चाचण्यांमध्ये केस पांढरे झालेल्या ताईला मात्र धडकी भरली. पिठावरची उसनी उभारी टिकत नाही, आणि ओसरली की माणूस आधीपेक्षा जास्त खचतो, अशी तिची समजूत होती. म्हणून दुसऱ्या बाटलीच्या वेळी तिने किटली लावली.

खऱ्या औषधाची बाटली तिने फळीवरून न बघता उचलली. ती कोणाची हे आपल्याला कळायलाच नको, असं तिने ठरवलं होतं. पण बाटल्या खिडकीतून तिलाच द्यायच्या होत्या. बदललेल्या दुसऱ्या लेबलावरचा क्रमांक पुकारला तेव्हा उठून आली ती शिवणकाम करणारी एक बाई. पन्नाशीची, बारीक, बोटांना सुयांचे घट्टे पडलेली. खिडकीसमोरच्या बाकावर ती नेहमी धाकट्याच्या शेजारी बसायची.

धाकटा सुधारत गेला. तो शाळेत परत जाऊ लागला. ताईच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागला, आणि ती नावं ऐकून ती मोरीत जाऊन रडली, आनंदाने.

शिवणवाली बाई मात्र मिटत चालली. केस विंचरलेले नसत, चपला कधी वेगवेगळ्या. धाकटा तिला पाणी आणून द्यायचा, तिची पिशवी धरायचा. एकदा तिने बाकावर बसूनच त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. खिडकीआडून ताईने ते पाहिलं आणि मान खाली घातली. पुढच्या वेळी लेबलं जिथल्या तिथे राहू द्यायची, असं तिने मनाशी घोकलं. बाटल्या भरायची वेळ आली तेव्हा किटली पुन्हा तापली.

मग एकदा त्या क्रमांकाला बाईची बहीण उठून आली. उरलेल्या कॅप्सूल तिने खिडकीत ठेवल्या.

"गेली," एवढंच म्हणाली. कशी गेली, ते कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

मोठे डॉक्टर ताईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पीठच मिळत असणार बिचारीला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

त्या संध्याकाळी ताई थेट भावाच्या घरी गेली. तो मुलांना दाखवायला एक चित्र रंगवत होता. ती उभ्या उभ्याच बोलली. किटली, लेबलं, फळीवरून न बघता उचललेली बाटली, ती शिवणवाली बाई, सगळं.

"माणूस मारला मी. उद्या मोठ्या डॉक्टरांना सांगणार आहे. आधी तुला सांगायचं होतं."

धाकट्याने चित्रावरून मान वर केली.

"म्हणजे माझ्या बाटलीत खरं औषध असायचं?"

"दुसऱ्या बाटलीपासून. दर वेळी."

"आणि त्यांच्या बाटलीत पीठ? नक्की?"

"माझ्या हाताने भरलंय रे मी."

त्याने ब्रश पाण्यात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते, पण चेहरा एकदम मोकळा झाला होता. त्याने तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"मग तू रडू नकोस, ताई. आपल्याला नुसतं पीठ देतायत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मला तर पहिल्याच बाटलीने बरं वाटलं होतं. म्हणून दुसरी बाटली मिळाली त्या दिवसापासून आम्ही फाटकाबाहेर कॅप्सूल बदलून घ्यायचो, माझ्या त्यांना आणि त्यांच्या मला. त्या नको म्हणायच्या, मीच ऐकायचो नाही. बरं झालं बघ. शेवटपर्यंत त्यांना खरं औषध तरी मिळालं."